‘आणि’च्या अलीकडे, पलीकडे

बुधवारी संध्याकाळी ओत्रेंबा बाई
ओल्या स्पंजानं फळा पुसायच्या
आणि त्यावर खऱ्याखोट्याचा तक्ता आखायच्या.
‘आणि’च्या अलीकडचं खरं, पलीकडचंही खरं,
तर सगळं खरं.
बाजू बदलल्या तरी काही बिघडत नाही.
मी दिवसभर कोर्टात टायपिंग करून आलेली,
बोटांवर कार्बनचे निळे डाग.
वहीत उतरवून घेतलं: काही बिघडत नाही.

गुरुवारी झेनोन ड्रोझ्दचा घटस्फोट निघाला.
तो म्हणाला,
“योलांता निघून गेली आणि मी प्यायला लागलो.”
मी टाइप केलं,
“मी प्यायला लागलो आणि योलांता निघून गेली.”
चूक माझी. रात्री झोप झाली नव्हती,
वरच्या मजल्यावर कुणीतरी पहाटेपर्यंत पलंग सरकवत होतं.
शब्द तेच. एक कमी नाही, एक जास्त नाही.
न्यायाधीशांनी वाचलं, चष्मा काढला,
आणि झेनोनकडे ज्या नजरेनं पाहिलं
त्या नजरेला फळ्यावर रकाना नव्हता.

मी उभी राहिले. चूक सांगितली.
तीन प्रती, पुन्हा पहिल्या ओळीपासून.

तेव्हापासून कान तिखट झाले.
वकिलानं विचारलं, “हातानं मारलंस किंवा पळीनं?”
झेनोन म्हणाला, “हो.”
कोर्ट हसलं.
ओत्रेंबा बाईंनी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

योलांताची आई, पर्स मांडीवर घट्ट धरून:
“जावई गोदीतला, पण स्वच्छ राहायचा हो.”
मागच्या बाकावर गोदीतले दोघे बसले होते.
दोघांनी आपापली नखं पाहिली.

योलांता म्हणाली, “पैसे पाठवलेस तर पोरगा भेटेल.”
नाही पाठवलेस तर काय, हे ती बोललीच नाही.
मी बोलली तेवढंच टाइप केलं.
उरलेलं दोन ओळींमधल्या कोऱ्या जागेत पडलं.
झेनोननं नेमकं तेच वाचलं.

आमच्या पोलिश भाषेत एक ‘आ’ आहे, एका अक्षराचा,
‘आणि’ आणि ‘पण’ यांच्या मधल्या पायरीवर बसलेला.
भांडण नाही, समेट नाही,
नुसतं दोन माणसांमधलं अंतर.
तक्त्यात त्याची जागा कुठली, मी बाईंना विचारलं.
“तो ‘आणि’च,” बाई म्हणाल्या.
मग कोटाची बटणं लावता लावता,
“आमचे हे वॉर्सात राहतात, आ मी इथे ग्रुजोन्झला,”
म्हणाल्या, आणि ट्राम पकडायला गेल्या.
एक बटण चुकीच्या काजात गेलेलं.

आता माझं.
आई मोगिल्नोला एकटी असायची.
नोव्हेंबरात तार आली.
शेजारणी विचारतात, तेव्हा मी सांगते,
“मी गेले, आणि आई गेली.”
म्हणजे मी उशाशी होते,
म्हणजे चमच्यानं पाणी मीच पाजलं,
असं मी म्हणत नाही.
त्या समजतात. मी समजू देते.
एकही शब्द खोटा नाही,
हवं तर फळ्यावर मांडून बघा,
हवं तर शपथेवर विचारा.

फक्त अलीकडचं पलीकडे करू नका.
कारण गाडी बीडगोश्चला चार तास थांबली होती,
कारण तार आली त्या दिवशी मी रजा मागितलीच नाही,
दुसऱ्या दिवशी मागितली.

आई सोमवारी गेली,
आ मी मंगळवारी.