साडेनऊ फूट

शांतवन सर पहिल्या दिवशी बॉल घेऊन आलेच नाहीत.
मोसंबीची एक रिकामी टोपली आणली,
बाभळीच्या फांदीला टांगली
आणि म्हणाले, सुरुवातीला असंच होतं बरं का.
दूर अमेरिकेत बर्फाचे दिवस,
हॉलात कोंडलेली अठरा टारगट पोरं
आणि त्यांना दमवायचं कसं, या विवंचनेत एक मास्तर.
टोपल्या सप्ताळूच्या.
सप्ताळू म्हणजे काय, जालन्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
सरांनाही नसावं.

टोपलीला बूड होतं.
दर गोलला खेळ थांबायचा,
शिडी लावून कुणीतरी वर चढायचं,
बॉल काढून खाली द्यायचा.
मग कधीतरी कुणीतरी ते बूड कापून टाकलं.
सर म्हणाले, बिनबुडाचं झालं म्हणून तर चाललं, पोरींनो,
नाहीतर जग अजून शिडीवरच बसलं असतं.

मिशनच्या ट्रंकांतून, पलटणींच्या सामानातून
खेळ बोटीनं निघाला. चीन, ब्राझील, मनिला, मद्रास.
मद्रासेहून आमच्या मैदानावर यायला
आणखी पन्नासेक वर्षं लागली.
मनमाडची गाडी तेव्हाही लेटच असणार.

रिंग हुसेनी मिस्त्रीनं वाकवली,
जिनिंगमधल्या गठाणीची पट्टी, दुहेरी करून.
"कितने फुट पे?"
दहा.
"दसइच कायकू?"
त्या मास्तरच्या हॉलात सज्जाचा कठडा दहा फुटांवर होता म्हणून.
बस्स, इतकंच.
कुण्या सुतारानं ठोकलेला कठडा
आणि साऱ्या दुनियेच्या माना त्याच मापानं वर.

बर्लिनची गोष्ट सर चिखल झाला की सांगायचे.
ऑलिम्पिकातली पहिली फायनल,
उघड्यावर, भर पावसात,
बॉल आपटला की तिथंच बसायचा.
एकोणीस विरुद्ध आठ, अख्ख्या मॅचचा स्कोअर.
ऐकून आम्हाला फार बरं वाटे.
आमच्या काळ्या रानातही बॉल असाच,
रुसलेल्या म्हशीसारखा, उठायचं नावच नाही.
बायकांना मात्र तिथं यायला आणखी चाळीस वर्षं लागली, सर म्हणाले.
"तवर काय शिडी धरून हुभ्या होत्या का?"
सत्यभामानं विचारलं.
सरांनी शिट्टी वाजवली.

एकोणनव्वद साली औरंगाबादला गेलो,
अकरा पोरी, बुटांचे सात जोड.
पहिला शॉट माझा. रिंगच्या खालून गेला.
दुसरा नसरीनचा. तोही.
एकूण एक बॉल अर्धा फूट कमी.
कितीनं हरलो ते सांगत नाही.
शेजारच्या कोर्टवर सुदानहून शिकायला आलेला
एक लांबलचक मुलगा होता,
तो हसला नाही.
त्याला मराठी येत नव्हतं, आम्हाला अरबी.
त्यानं गुडघे वाकवून दाखवले, मनगट मोडून दाखवलं,
मग बोट आभाळाकडे: वर, आणखी वर.
त्याच्या गावातही दहाच फूट असणार.

परत आल्यावर सरांनी टेप लावली.
खांब रेगडीत रुतला होता.
साडेनऊ.
चार वर्षं आम्ही जगाच्या अर्धा फूट खाली
मोठ्या तोऱ्यात खेळत होतो.
सर काही बोलले नाहीत,
पहार आणायला गेले.

आता सर नाहीत. पोरींना मी शिकवते.
बोर्ड काचेचा आहे, कोर्ट सिमेंटचं,
पण सिमेंटखाली रेगडीच.
दर जूनमध्ये टेप लावून बघते.
यंदा नऊ फूट अकरा इंच.

ए पोरी, ती पहार दे इकडं.