लसणाचा वास

गारगोटीच्या शिरेवर हातोडा पडला
की ठिणगीमागून लसणाचा वास येतो.
देवाजीनं जीपमधूनच विचारलं,
"कोनाच्या घरी फोडनी देल्ली जी?"
घर कुठं नव्हतंच. मोहाची चार झाडं,
कापून झालेल्या धानाचे बांध,
आणि आटलेल्या नाल्यात एक म्हैस.
मी वहीत लिहिलं: आर्सेनिक.

नमुना सतरा, वजन दहा किलो.
पोत्यावर खडूनं आकडा, पोत्यात चिठ्ठी,
चिठ्ठीवर पुन्हा तोच आकडा,
कारण खडूवर माझा विश्वास नाही.

शाळेला सुट्टी होती. व्हरांड्यात
फोडला, दळला, चाळला, उरलेला पुन्हा दळला.
संध्याकाळपर्यंत माझ्या पापण्या राखाडी झाल्या
आणि पोरं मला पिठाच्या गिरणीची बाई म्हणू लागली.

बिरजाबाई सोनझारी. तिच्या सासूची लाकडी पाटी
मधोमध झिजून परातीसारखी झालेली.
नदीची रेती ती तीन पावसाळ्यांपासून धूत नाही,
रेती आता ट्रकनं जाते, धुवायला उरत नाही.
मी म्हटलं, हे जरा धुऊन बघा, मजुरी देते.
तिनं आधी वास घेतला.
मग पाटी पाण्यात तिरपी धरली, मनगटातून
एक झोका, अर्धा झोका, थांबली,
जसं कुणी पाळण्यातल्याला उठू देत नाही.
पांढरं वाहून गेलं. करडं वाहिलं.
काळ्याची एक कोर राहिली आणि तिच्या टोकाला
पिवळं. शेवग्याच्या फुलातला पराग असेल, इतकं.

"एवढंच?"
"एवढंच सुटलं," ती म्हणाली. "बाकीचं आत हाय."
"मग अजून बारीक दळू?"
"पीठ केलं त वाहून जाते.
कनी ठेवली त सुटत नाही."

नागपूरला टेबल थरथरलं चार दिवस.
खाचांमधून पाणी, पाण्यातून जड आणि हलकं,
एकोणीस पट आणि अडीच पट,
कागदावर किती सोपं असतं ते.
दहा किलोत एकतीस मिलिग्रॅम सोनं:
राईच्या अर्ध्या दाण्याएवढं.
अकरा आलं. वीस गेलं.

सूक्ष्मदर्शकाखाली गेलेलं सापडलं.
चकचकीत पांढऱ्या खनिजाच्या पोटात
सहा मायक्रॉनचे ठिपके, एकेकटे,
कोणतीही जाळी त्यांना ओळखत नाही,
कोणत्याही पाण्याला त्यांचं वजन कळत नाही.
नदीनं लाखो वर्षं बसून हेच काम केलं असतं,
फोडणं, कुजवणं, वाहून आणणं,
आणि बिरजाबाईच्या सासूनं फक्त पाटी धरली असती.
माझ्याकडे मार्च अखेरची तारीख होती.

अहवाल बावीस पानी झाला.
पान एकोणीस: केवळ गुरुत्व पद्धतीने
या धातुकाचे संहतीकरण पुरेसे होणार नाही.
तीन परिच्छेद, एक आलेख.
पीठ केलं त वाहून जाते,
हे आलेखात उजवीकडे खाली उतरणारी रेघ आहे.

परत गेले ते गाळ उचलायला.
तिनं तो डब्यात झाकून ठेवला होता, वर दगड.
म्हटलं, नाल्यात टाकायचा नाही, विष आहे,
बकऱ्या पाणी पितात.
"अन् सोनं किती हाय यात?"
तिच्या हातून गेलेलंही मी मोजलं होतं. तेवढंच.
"वीस."
"अकरा वर आलं ते सोनं,
अन् वीस आत ऱ्हायलं ते विष?"
मी मजुरीचे पैसे मोजत होते, दोनदा चुकले.
तिनं सही केली नाही, अंगठा दिला,
अंगठ्याच्या रेषांत काळी रेती होती.

रात्री भिवापूरच्या खानावळीत
वांग्याच्या भाजीत लसूण भरपूर होता.
देवाजीनं दोनदा वाढून घेतलं.
मी उठले, पुन्हा हात धुतले,
आणि नुसतं वरण-भात मागितलं.