हिरवं औषध

नारिनच्या जिल्हा रुग्णालयाचं तळघर.
दोन दिवसांचं प्रशिक्षण, सोळा तास, सोळा गुण;
गुण भरले नाहीत तर परवान्याचं नूतनीकरण नाही.
बाहेर उणे अठरा.
आम्ही अकरा जणी आणि एकटा दाइरबेक.
मी शेवटच्या रांगेत, हीटरला पाठ लावून,
एकतीस वर्षांची नोकरी झालेली.

शिकवणारी आयचोल्पोन माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं टेबलावर वर्तमानपत्रं पसरली,
त्यावर मेंढीचे बारा पाय, खुरांसकट.
प्रत्येकाला एक खाच पाडलेली,
खाचेत शिजवलेल्या कण्यांचा लगदा, कडेला बीटाचा रस.
"पिवळं ते मेलेलं. ते काढा.
लाल ते जिवंत. त्याला धक्का नको."
दाइरबेक म्हणाला, मेंढीच मेलीय,
तिचं जिवंत कुठून आणायचं?
सगळ्या हसल्या. तीही हसली.
मग चिमटे हातात घेतल्यावर कुणी बोललं नाही.

दुपारी पडद्यावर जखमा.
खपली धरली म्हणजे बरं झालं असं नाही, ती म्हणाली.
नवी कातडी काठाकाठानं रांगत येते,
तिला ओल लागते.
कोरड्यात तिला पुढे सरकता येत नाही.
मी वहीत लिहिलं: ओल.
खाली दोनदा रेघ ओढली
आणि रेघ ओढताना दिसलं अंगठ्याचं नख,
हिरवं.

ते हिरवं मी सगळ्यांना लावलं.
फुटलेली ढोपरं, बाळांच्या नाळी,
चुलीवर भाजलेले हात, घोड्यावरून पडलेली पोरं.
काडी बुडवायची, लावायचं, फुंकर घालायची,
वारा लागू द्यायचा, वाळू द्यायचं.
चरचरलं की सांगायचं, गुण येतोय.

सातारकुलची टाच.
दोन हिवाळे, रोज सकाळी, मी ती वाळवली.
तिसऱ्या हिवाळ्यात त्याला बिश्केकला नेलं,
आला तो तिच्याशिवाय.
अजून बाजारात भेटला की कुबडी काखेत दाबून
दोन्ही हातांत माझा हात घेतो.
"तू होतीस म्हणून," म्हणतो.
म्हणून काय, ते मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मीठ.
लिटरभर उकळून निवलेलं पाणी, नऊ ग्रॅम.
जखमेवर मीठ चोळू नये एवढं मला ठाऊक होतं.
धुवायला चालतं म्हणे, चोळायचं नाही,
आणि मोजून.
नऊ हा आकडा मी तीनदा लिहिला.

"काही शंका?"
मी हात वर केला. "आधीचं काय?"
"कोणती स्लाइड?"
"स्लाइड नव्हे. ज्यांना आधी लावलं, त्यांचं."
तिनं पेनाचं टोपण लावलं. परत काढलं.
"माझी आई नर्स होती," म्हणाली,
"तिच्या बोटांचंही जात नव्हतं."
तेवढ्यात चहा आला.

संध्याकाळी राखणदार बाईनं मेंढीचे पाय मागितले, सूपला.
नको, नको, आयचोल्पोन म्हणतेय तोवर पिशवीत भरलेसुद्धा.
"तुम्हीच धुतलेत ना? मिठाचा खर्च वाचला."

सोमवारी बुरमाके आजी. डाव्या पोटरीची जखम,
माझ्याच हातची, सुरकुतलेली, हिरवी.
पायाची नाडी बोटांनी शोधली, सापडली.
कोमट पाण्यानं खपली भिजवली, घाई केली नाही.
आतून लाल दिसलं. खरंखुरं.
ओल धरणारी पट्टी ठेवली,
बोटांपासून गुडघ्यापर्यंत वर वर गुंडाळत नेलं.

"हिरवं कुठंय?"
"हिरवं नाही आता, आजी."
"मग औषध कधी लावणार?"

मी कपाट उघडलं. बाटली काढली.
काडी बुडवून पट्टीच्या वरच्या बाजूला
ठळक आकड्यांत तारीख घातली.
आजीनं पाय उजेडाकडे वळवून पाहिला.
"फुंकर?"
घातली.