दहा मिनिटं

डिचोलीच्या फार्मसीत मागायची सोय नव्हती,
काउंटरवर सासूबाईंचा भाचा.
म्हणून म्हापशाला गेले, शुक्रवारच्या बाजाराला.
पिशवीत तळाला ती चपटी पेटी,
वर तांबड्या भाजीच्या दोन जुड्या.

रोजच्या गोळीनं दोन वर्षं
माझं अर्धं कपाळ भाड्यानं घेतलं होतं.
डॉक्टर फिलोमेना म्हणाल्या, ती बंद कर.
चिठ्ठीच्या मागं चित्र काढून दाखवलं:
ही रक्तात जात नाही, दारातच विरघळते,
येणाऱ्यांना पोहू देत नाही.
पण एकट्या हिच्यावर विसंबू नको हं,
वर्षभरात शंभरातल्या वीसेक जणींना चकवते.
नवऱ्याला सांग, त्यानंही आपल्या बाजूनं काही वापरावं.

नवऱ्याला सांग,
हे त्यांनी
मीठ चवीपुरतं म्हणावं तसं म्हटलं.

श्रीपाद बार्जवर असतो.
आमोण्याहून मुरगावला खनिज,
भरती बघून जायचं, भरती बघून यायचं.
घरी येतो तेव्हा अंगाला डिझेल, नखांत तांबडी माती,
आणि घाई.

पेटीवर लिहिलंय, आधी दहा मिनिटं थांबा.
मी म्हटलं, थांब.

पहिल्या रात्री त्यानं मोबाईलवर गजर लावला.
दुसऱ्या खेपेला विचारलं, चुणचुणतं का गं?
जरासं, मी म्हटलं.
लग्नाला आठ वर्षं झाली,
असलं काही विचारायची त्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या खेपेला पंख्याकडं बघत म्हणाला,
आग्वादच्या तोंडाशी लाट उभी राहिली
की मी तांडेलाच्या पाठीमागं जाऊन उभा राहतो.
मला पोहता येत नाही.
बार्जवर कुणाला ठाऊक नाही.

मी काही बोलले नाही.
काय बोलणार?
मळीच्या कडेला वाढलेला माणूस,
त्याच्या आईनंही कधी सांगितलं नव्हतं.
मग तो बोलतच राहिला,
लहानपणी बुडालेल्या चुलतभावाबद्दल,
त्याची एक चप्पल सापडली होती त्याबद्दल.

दहा मिनिटं केव्हाच गेली.
गोळीची तासाची मुदतही गेली.
पोदेराचा भोंगा वरच्या वाड्यावर वाजला
तेव्हा त्याचा हात माझ्या पोटावर, झोपेनं जड.

आता पेटीत सात उरल्यात.
सकाळी पाव घेताना हिशेब करत होते,
ती एक फुकट गेली
असं धरायचं की नाही.