घ्यायला कोण आलंय

कन्नमवार नगरात, तळमजल्यावर
माझी एकच खोली होती, आणि मोरी.
साडेबाराला शाळा सुटली की
दारातून आधी दप्तरं आत यायची, मग मुलं.
सातजण. कधी नऊ.
दुपारचं पाणी अर्धा तास,
त्यात अठरा पाय धुऊन व्हायचे.

जनगणनेच्या बाईंनी विचारलं, काम काय करता?
मी म्हटलं, काही नाही, घरीच असते.
त्यांनी तसंच लिहून घेतलं.

त्या काही नाहीमध्ये
पाढे होते, उवा होत्या,
चटईखाली सरकवलेली भेंडी,
एकदा गोवर, ओळीने पाच जणांना.
दिगूची आई टेलिफोन एक्स्चेंजात.
तिची ड्यूटी संपून ती येईपर्यंत
बाकीची सगळी पांगलेली,
दिगू दाराच्या कडीशी.
'आज विसरली असेल ती.'
'विसरायला तू काय छत्री आहेस?'
रोज हेच. रोज तो हसायचा,
आणि पुन्हा कडीशी.

मग आया म्हणाल्या, अभ्यासही घ्याल ना?
मी सातवी शिकलेली.
रात्री भांडी आवरून
पाचवीचं गणित आधी स्वतः सोडवायचे.
लसावि मला तिसाव्या वर्षी समजला.
त्या महिन्यापासून मावशीची बाई झाले,
पन्नास रुपये जास्त.

इमारत पाडली तेव्हा
भिंतीवरच्या उंचीच्या रेघा
चार दिवस उघड्यावर होत्या,
नावांसकट,
रस्त्यावरून कोणालाही वाचता येतील अशा.
पाचव्या दिवशी भिंत नव्हती.

आता तिथेच टॉवर. पोडियमवर काचेचं दार.
अनुभव आहे म्हणून मला ठेवून घेतलंय.
गळ्यात पट्टा, पट्ट्यावर केअर पार्टनर.
भरवायचं नाही, मुलं आपल्या हाताने जेवतील.
विचारल्याशिवाय मांडीवर घ्यायचं नाही.
हे बरंच आहे. आमच्या वेळी
कुणी कुणाला विचारलं होतं?
ट्रेनिंगमध्ये एक पोरगेली मॅडम म्हणाली,
रडणाऱ्या मुलाला गप्प म्हणू नका,
नुसतं शेजारी बसा.
मी सगळ्यात मागे बसून
ज्यांना ज्यांना गप्प म्हटलं ती नावं मोजत होते.
बोटं पुरेनात.

तीन वाजता टॅबवर प्रत्येकाचा मूड भरायचा.
पाच चेहरे दिलेत, पिवळे.
ऋता तासभर काचेतून खालचं गेट बघत बसते,
त्याला चेहरा नाही.
मी मधला दाबते.

सोमवारी साडेसात झाले, ऋता एकटीच उरली.
नेहमी तिची आई येते.
काचेबाहेर एक टक्कल, लॅपटॉपची बॅग,
हनुवटीखाली खूण,
माझ्या लोखंडी खाटेची.
'मावशी?'
फोन त्याचा मेलेला.
आणि माझ्या पडद्यावर: ओटीपी टाका.

ज्याचं नाक मी पदराने पुसलं
त्याला मी म्हटलं,
आकडा सांगितल्याशिवाय मुलगी देता येत नाही.
वाटलं, आता भांडेल.
म्हणाला, बरोबर आहे.
माझ्या फोनवरून बायकोला लावला,
ती मीटिंगमध्ये.
मग त्याने बूट काढले,
टाचा भिंतीला लावून ठेवले, जोडीने,
आणि दाराशीच लाल बुटक्या खुर्चीत बसला,
गुडघे छातीशी.

ऋता फटीतून म्हणाली,
आई विसरली असेल.
'विसरायला आपण काय...'
तो अडला, माझ्याकडे बघितलं.
'छत्री,' मी म्हटलं.

आकडा आला तेव्हा आठ वाजून गेले होते.
उशिराचे पैसे आपोआप कापले जातात.
ते थांबवायचं बटण
माझ्याकडे दिलेलं नाही.