गार होऊ दे

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये लाल गाडी,
ताडपत्री नुकतीच काढलेली.
भावेशभाईंना रामराम करायच्या आधी
शितोळेमामांनी बॉनेटवर तळहात ठेवला.
"आम्ही यायच्या आधी सुरू केलीत?"
"ना रे, तडको छे."
शेडमध्ये ऊन नव्हतं.
"गार होऊ दे," मामा म्हणाले.

समोर सेव-उसळ खाल्ली.
सांडलेल्या तर्रीत मामांनी बोटाने त्रिकोण काढला:
हिला पिस्टन नाही. हा असा फुगीर त्रिकोण
आतल्या आत गरगरतो. टोकांना तीन पट्ट्या,
त्या झिजल्या की उरलं नुसतं रंगकाम.
तेल पिते. प्यायलाच हवं.
थेंबही पीत नाही म्हणणाऱ्याशी
भावच करू नकोस.

दोन तासांनी किल्ली.
मागे पांढरा धूर, गोडसर वास,
बराच वेळ गेला नाही.
जांबुव्यापर्यंत एक फेरी.
काटा वर चढताना मी काहीतरी ओरडलो असेन,
मामा हसले नाहीत.
परत आलो, बंद केली, पाच मिनिटं थांबलो,
पुन्हा किल्ली.
स्टार्टर नुसता दळत राहिला.

मग प्लग काढून मामांनी कान जवळ नेला.
"मार सेल्फ."
भक्क. फुस. फुस.
भक्क. फुस. फुस.
"एकच बाजू दम धरते."
भावेशभाई मोबाइलमध्ये बघत होते.

मी किंमत विचारली.

मामा प्लग परत बसवत होते,
आधी नुसत्या बोटांनी, आटे जुळेपर्यंत,
मग पान्याने,
परक्याची गाडी होती तरी.