डावीकडे उन्हाळा

युमात जुलैमध्ये
उन्हात राहिलेला पाना उचलायला फडकं लागतं.
अशा दुपारी बुस्तामांते नवराबायको आले
दोन हजार तीनची टाहो घेऊन,
दोन लाख ऐंशी हजार मैल झालेली,
आणि भांडण अर्ध्यावर आलेलं.

इलारिओ उतरला तो शर्ट पाठीला चिकटलेला.
ओफेलिया उतरली ती खांद्यावर स्वेटर घेऊन.
"एसी मेलाय," तो म्हणाला.
"एसीला धाड भरलेली नाही," ती म्हणाली,
"ह्याचंच डोकं तापतं."
दोन उन्हाळे हेच चाललं होतं म्हणे,
दवाखान्यात जाताना, चर्चला जाताना,
सॅन लुईसला तिच्या बहिणीकडे जाताना,
एकाच काचेमागे, हातभर अंतरावर.
जागा बदलून बसायचं
कुणालाच सुचलं नव्हतं.

मी काही बोलले नाही.
दोन थर्मामीटर घेतले, एकाच डब्यातले.
एक डावीकडच्या झडपेत खोचला, एक उजवीकडच्या.
बाहेर एकशे पंधरा फॅरनहाइट.
डावीकडे अठ्ठ्याहत्तर.
उजवीकडे चव्वेचाळीस.

"बघ!"
दोघंही एकदम म्हणाले.

इलारिओनं मोटर आधीच बदलली होती,
गरम आणि गार हवेच्या मधलं दार फिरवणारी, मुठीएवढी,
डॅशबोर्डच्या पोटात उताणं पडून, दोनदा.
दुसऱ्या वेळी अंगठ्याचं नख गेलं, तेही दाखवलं.
मी बटण फिरवलं, कान लावला.
दार उघडत होतं, मिटत होतं,
कुरकुर नाही, टकटक नाही.
बिचाऱ्या दाराचा काही गुन्हा नव्हता.

मग गेज लावला.
काटा खालीच बसून राहिला.
गॅस कमी.

"गॅस कमी तर दोघांनाही कमी हवा ना?"
ओफेलियाचा प्रश्न रास्त होता.
मी म्हटलं, समजा, सात जण जेवायला बसलेत
आणि पातेल्यात राजमा चौघांपुरता.
वाढणारी उजवीकडून सुरू करते.
शेवटच्याला नुसता डाव वाजलेला ऐकू येतो.

तिनं इलारिओकडे पाहिलं. बराच वेळ.
"आणि हा मला दोन वर्षं सांगत होता," ती म्हणाली,
पण मला नाही, गाडीला.

गॅस काही कुणी पीत नाही.
पाणी कुठंतरी मुरत होतं.
मी नळीत हिरवा रंग सोडला,
अर्धा तास इंजिन चालू ठेवलं,
दिवा घेऊन पाठीवर सरकत खाली गेले.
कॉम्प्रेसर कोरडा. पुढचे सांधे कोरडे.
आणि मागच्या उजव्या चाकाच्या वर,
मागच्या सीटकडे जाणाऱ्या नळीवर,
माती धरून बसलेल्या पट्टीच्या आत
हिरवं चकाकलं. मोहरीएवढं.

"मागचा एसी?" इलारिओ म्हणाला.
"मागं बसतंय कोण आता?"
मागच्या सीटवर पाण्याचे कॅन होते,
कुत्र्याची चादर, आणि
एका पट्ट्याचं बक्कल अजून लावलेलं,
रिकाम्या जागेवरून आडवं.

"ती नळी बंदच करून टाक," तो म्हणाला, "स्वस्तात होईल."
होतं तसं. करतात पुष्कळजण.
मीही तेच सुचवणार होते.
"नवी घाल," ओफेलिया म्हणाली.
"कशाला?"
"घाल म्हटलं ना." आणि पर्स उघडली.

ह्या भांडणात मी थर्मामीटर लावला नाही.

बुधवारी गाडी न्यायला आले.
डावीकडे त्रेचाळीस, उजवीकडे त्रेचाळीस,
मागे सेहेचाळीस, कॅनना आणि चादरीला.
इलारिओ स्टिअरिंग धरून बसला,
झडपेसमोर तळवा धरला, मग मनगट,
मग काच खाली करून मला म्हणाला,
"जरा जास्तच गार वाटतंय, नाही?"

ओफेलियानं पिशवीत हात घातला.
दुसरा स्वेटर काढला, तपकिरी, पुरुषी मापाचा.
घरूनच आणला होता.

माझा उजवीकडचा थर्मामीटर त्यांच्या झडपेतच गेला.
फोन करून मागायचं
अजून मनात आहे.